दोराने फांदी उतरवायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की पावसाळ्याआधीच्या छाटणीची घाई सुरू होते आणि तिच्यासोबत हे प्रश्नही येतात. विचारणारे बहुतेक तीन प्रकारचे असतात: छाटणीची कामं घेणारे ठेकेदार आणि त्यांचे गडी, सोसायटी किंवा कॉलेजच्या आवारातली झाडं सांभाळणारे माळी, आणि सह्याद्रीत दोरावर चढ-उतार केलेली तरुण मंडळी. उत्तरं पायाभूत शिकवणीपुरती आहेत. वाचून कुणी झाडावर चढू नये, शिकवणारा माणूस समोर हवाच.

रिगिंग म्हणजे नेमकं काय? झाडावर दोराने चढणं म्हणजेच रिगिंग का?

नाही. माणसाला धरणारा दोर वेगळा, लाकडाला धरणारा वेगळा. कापलेली फांदी धाडकन न पाडता दोरावर तोलून हव्या त्या जागी उतरवणं, याला रिगिंग म्हणायचं. खाली पत्र्याची शेड, कंपाउंडची भिंत, उभ्या गाड्या, देवळाचा कळस असं काही नसेल तर रिगिंग करूच नका. मोकळ्या जागेत फांदी छोट्या तुकड्यांत सरळ पाडणं सोपं, आणि वेळही निम्मा लागतो. हे ऐकून नवे विद्यार्थी जरा हिरमुसतात, पण दोर जितका कमी तितकी गुंतागुंत कमी.

एक नियम पहिल्याच दिवशी पाठ करून घेतो: चढणाऱ्याचा दोर आणि लाकडाचा दोर एकाच आधारावर अडकवायचे नाहीत. ओंडक्याच्या झटक्याने तो आधार गेला तर वरचा माणूसही त्याच्याबरोबर जातो.

शिकवणीचे पहिले दिवस जमिनीवरच का घालवता? आम्हाला वर चढायचंय.

कारण रिगिंगमध्ये फांदी कशी उतरते हे वरचा करवतवाला ठरवत नाही, खाली दोर धरलेला माणूस ठरवतो. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. अनुभवी गडी वर जातो आणि कालच आलेल्या पोराच्या हातात दोर दिला जातो. बरेच अपघात इथेच पेरलेले असतात.

म्हणून सराव असा: खोडाला माणसाच्या डोक्याच्या बराच वर, पक्क्या पट्ट्याने एक पुली बांधायची. तिच्यावरून दोर घेऊन एका टोकाला वाळूची चाळीस किलोची गोणी. दुसरं टोक खोडाच्या बुंध्याला वेढे देऊन हातात. आधी गोणी हळूहळू जमिनीला टेकवायची. मग मध्येच थांबवायची. मग ती काही अंतर मोकळी धावू द्यायची आणि जमिनीच्या वीतभर वर, झटका न बसता, थांबवायची. हे तिसरं जमेपर्यंत कुणालाही खऱ्या फांदीचा दोर देत नाही. ज्यांना जमतं त्यांचे हात बघा: दोर आवळून धरलेला नसतो, तो बोटांतून सरकत असतो आणि ते वेग मोजत असतात.

खोडाला किती वेढे द्यायचे?

हे गणित समजलं की निम्मं रिगिंग समजलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिथरलेल्या बैलाचं दावं खुंट्याला दोन वेढे देऊन धरलं की पोरगंही त्याला थोपवतं. इथे तीच युक्ती आहे. दोर खोडाभोवती फिरतो तेव्हा घर्षणाने ताण कमी होत जातो, आणि हा हिशेब बेरजेचा नसून गुणाकाराचा असतो. दोर आणि साल यांच्यातला घर्षणगुणांक ०.२ धरला तर एका पूर्ण वेढ्याने हातातला ताण साधारण साडेतीन पटीने कमी होतो, दोन वेढ्यांनी बारा पटीने, तीन वेढ्यांनी चाळीस पटीहून जास्त. म्हणजे चाळीस किलोची गोणी एका वेढ्यावर अकरा-बारा किलोसारखी लागते आणि दोन वेढ्यांवर तीन-साडेतीन किलोसारखी. विश्वास बसत नसेल तर हाताकडच्या टोकाला भाजीवाल्याचा लटकता काटा अडकवून बघा. वर्गात हा प्रयोग आवर्जून करतो, कारण काट्यावरचा आकडा पाहिल्यावर मला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

खोड जाड की बारीक याने या हिशेबात फरक पडत नाही. दोर किती फिरला एवढंच मोजायचं. सालीने मात्र फरक पडतो. आंब्या-चिंचेची खडबडीत साल जास्त धरते, पेरूसारखी गुळगुळीत साल कमी.

वेढे कमी पडले तर दोर हातातून पळतो. जास्त झाले तर तो सुटतच नाही, आणि हा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. अडकलेला ओंडका झटका खातो (खाली तीन टनाच्या दोराचा प्रश्न बघा). नवशिक्याला भीतीपोटी तीन-चार वेढे मारायची सवय लागते, ती लगेच मोडावी लागते. वेढा वेढ्यावर चढू द्यायचा नाही, एकाखाली एक नीट बसवायचे, नाहीतर ऐन वेळी दोर आवळतो. रोजच्या कामाला खोडाऐवजी बुंध्याला बांधायचं धातूचं लोअरिंग उपकरण (ज्याला दोर वेढून वजन उतरवतात ते) घ्यावं. त्यावर घर्षण दर वेळी जवळपास सारखं मिळतं आणि सालही सोलली जात नाही.

दोर हाताला एक वेढा देऊन धरला तर पकड चांगली मिळते ना?

मिळते, आणि वजन आलं की हात दोरासोबत खोडात ओढला जातो. हाताला, मनगटाला, कमरेला कधीही वेढा नाही. चामड्याचे हातमोजे घाला. उरलेला दोर पायाशी वेटोळी करून ठेवू नका, पिशवीत किंवा मागे मोकळा पसरून ठेवा. धावत्या दोराच्या वेटोळ्यात पाय असला तर काय होतं हे सांगायची गरज नसावी.

दोरावर तीन टन लिहिलंय. मग सत्तर किलोच्या ओंडक्याला तो तुटेल कसा?

ओंडका नुसता लटकत असेल तर नाही तुटणार. आकडा बदलतो तो पडण्याने.

समजा सत्तर किलोचा ओंडका एक मीटर मोकळा पडला, मग दोर ताणला गेला, आणि खालच्या माणसाने तो घट्ट धरल्यामुळे पुढच्या पाव मीटरमध्ये ओंडका थांबला. तर दोरावर सरासरी साडेतीनशे किलोचा ताण येतो, क्षणिक कमाल ताण त्याहून बराच जास्त. तोच ओंडका खालच्या माणसाने धावू दिला आणि दोन मीटरांत हळूहळू थांबवला, तर सरासरी ताण एकशे पाच किलो. दोर, झाड, ओंडका सगळं तेच आहे. बदलली ती फक्त थांबवण्याची लांबी.

त्यात वरच्या पुलीचा हिशेब वेगळा. पुलीवरून दोर खाली येतो तेव्हा दोन्ही बाजूंचा ताण मिळून पुलीवर येतो. सत्तर किलो शांतपणे लटकत असेल तरी पुली, तिचा पट्टा आणि ती बांधलेली फांदी यांच्यावर जवळपास एकशे चाळीस. वरच्या झटक्याच्या उदाहरणात सातशे. दोर टिकतो आणि आधाराची फांदीच मोडून खाली येते, ती अशी. म्हणून सगळ्यात मजबूत वस्तू पुलीपाशी लागते, आणि आधाराची फांदी निवडताना ढोली, कुजका डाग, वाळवीची माती, जुन्या छाटणीची सडलेली खुंटी हे सगळं हात लावून तपासायचं.

आता दोरावरचा आकडा. तो नव्या, गाठ नसलेल्या दोराचा तुटण्याचा आकडा असतो. गाठ मारली की ताकद पंचवीस ते चाळीस टक्क्यांनी उतरते. म्हणून कामाचं वजन तुटण्याच्या आकड्याच्या दहाव्या भागापर्यंतच धरायचं. तीन टनाचा दोर म्हणजे तुमच्यासाठी तीनशे किलोचा दोर. वरच्या झटक्याने ती हद्द ओलांडली, हे लक्षात आलं असेल.

पहिल्या वर्षी आणखी एक मर्यादा पाळा: पुली नेहमी कापाच्या वर असली पाहिजे. पुली कापाखाली बांधून खोडाचे ओंडके पाडणं हे सगळ्यात जास्त झटक्याचं काम आहे. पायाभूत शिकवणीत ते येत नाही.

ओंडक्याचं वजन आधी कसं ओळखायचं?

ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरा, म्हणजे घनमीटरला हजार किलो. काही झाडांचं थोडं कमी भरेल, पण चूक सुरक्षित बाजूला राहील. एक मीटर लांबीचा तुकडा २० सेंटिमीटर जाडीचा असेल तर साधारण ३० किलो, ३० सेंटिमीटरचा ७० किलो, ४० चा सव्वाशे, ६० चा २८०. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, आणि नेमकी इथेच नजर फसते. घेर मोजून ३.१४ ने भागलं की जाडी मिळते.

पाला आणि डहाळ्यांचं वजन वेगळं धरा. भिजलेल्या पर्जन्यवृक्षाचा एक फाटा खालून दिसतो त्यापेक्षा बराच जड असतो. अंदाज जमत नसेल तर तुकडा अर्धा करा. लहान तुकडे कापले म्हणून कुणाचं नुकसान झालेलं पाहिलेलं नाही.

हार्डवेअरच्या दुकानातली निळी-हिरवी नायलॉनची दोरी चालते का?

तिला सगळे नायलॉन म्हणतात, पण बहुतेक वेळा ती पॉलिप्रॉपिलीन असते. ती सुमारे १६५ अंश सेल्सियसला वितळते आणि उन्हात ठेवली की ठिसूळ होते. खोडावरून वजनासह जोरात धावली की घर्षणाने वेढ्याच्या जागी चकचकीत होऊन चिकटते. ओंडक्याला दिशा द्यायला बाजूचा ओढदोर म्हणून वापरा, वजन तिच्यावर टाकू नका.

खरं नायलॉन मजबूत असतं पण ताणतं फार. फांदी अपेक्षेपेक्षा खाली येते, वर-खाली झोके घेते, आणि ओलं झालं की नायलॉनची ताकदही थोडी घटते. रिगिंगला विणीचा पॉलिएस्टर दोर घ्यावा. तो कमी ताणतो, २५० अंशांच्या आसपास वितळतो, उन्हाला टिकतो. सुरुवातीला १२ ते १४ मिलिमीटर पुरे. त्याहून बारीक दोर मजबूत असला तरी हातात नीट धरता येत नाही.

सुंभाचा किंवा काथ्याचा दोर? आंब्याच्या हंगामात शिडी बांधायला ठीक. लाकूड लटकवायला नको, कारण आतून तो किती कुजलाय ते बाहेरून कळत नाही.

ट्रेकिंगचं सामान घरात आहे. तेच वापरलं तर?

प्रस्तरारोहणाचा ताणणारा दोर माणूस पडला तर त्याला झेलण्यासाठी बनवलेला असतो, ओंडक्यासाठी नाही. आणि एकदा लाकडाला लावलेला दोर पुन्हा माणसाला लावायचा नाही, कधीच नाही. दोन्ही दोर वेगळ्या रंगाचे घ्या म्हणजे वादच नको.

हेल्मेट चालेल, हनुवटीचा पट्टा असेल तर. हार्नेससाठी (चढणाऱ्याला दोराशी जोडणारे अंगावरचे पट्टे) आपल्याकडे आयएस ३५२१ हे मानक आहे. झाडावर तासन् तास टांगून काम करायला मात्र कमरेला आणि मांड्यांना रुंद आधार देणारा हार्नेस लागतो, बांधकामावरच्या हार्नेसमध्ये पाय सुन्न पडतात. कॅराबिनर (दोर अडकवायचे धातूचे हुक) आपोआप बंद होणारे आणि कुलपी असावेत. कुलूप-चाव्यांच्या दुकानात मिळणारे रंगीत हुक घेऊन येणारा एक तरी जण प्रत्येक वर्गात असतो.

किती गाठी शिकायच्या?

चार, पण अंधारात आणि पाठीमागे हात नेऊन मारता येतील इतक्या पक्क्या.

सरकती बोलाइन फांदीला लांबून फास बसवायला. क्लोव्ह हिच आणि तिच्यामागे दोन अर्धगाठी. नुसती क्लोव्ह हिच गोल ओंडक्यावर फिरून सुटते, अर्धगाठी विसरू नका. काऊ हिच पुलीचा पट्टा खोडाला बांधायला. आणि आठाची गाठ दोराच्या टोकाला. सुरगाठ आणि निरगाठ तुम्हाला येतातच, पण सुरगाठीवर वजन टाकायचं नाही, आणि वजन आलेली निरगाठ नंतर सुटत नाही, दोर कापावा लागतो.

सरकती बोलाइन बांधताना दोर जिकडून येतो त्या बाजूला, फासापासून हात-दीड हात अलीकडे, फांदीभोवती एक अर्धगाठ घाला. झटका आधी तिच्यावर येतो, लाकडाला दोन जागी पकड मिळते आणि फास घसरत नाही. गाठ मारली की ती नीट जुळवून, ओढून बसवायची आणि मग जोडीदाराला दाखवायची. दाखवल्याशिवाय करवत सुरू नाही.

पुली नसेल तर दोर बेचक्यातून घेतला तर चालतं का?

लहान फांद्यांना चालतं. पूर्वी सगळं असंच व्हायचं. पण बेचक्यातलं घर्षण सारखं नसतं, चीक लागला की वाढतं आणि साल सोलली की कमी होतं. जे झाड ठेवायचंय त्याला जखमही होते. पुली स्वस्त आहे, घ्या.

फांदी बुंध्याकडून बांधायची की शेंड्याकडून?

खाली काय आहे त्यावर ठरतं. कापाच्या बाजूला बांधली की शेंडा आधी खाली जातो आणि फांदी उभी लटकते. शेंड्याकडे बांधली की जाड टोक खाली येतं आणि शेंडा वरच राहतो, शेंड्याखाली पत्रे असतील तेव्हा हे उपयोगी. दोन्हींत फांदी झोका घेते, म्हणून तो झोका कुठे जाईल हे कापण्याआधी बोट दाखवून एकमेकांना सांगायचं. चढणारा त्या झोक्याच्या वाटेत असता कामा नये. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या, लांब फाट्यांना दोन जागी बांधून तोल साधावा लागतो. ते नंतरच्या टप्प्यात शिका.

कापताना काय सांभाळायचं?

खालून छोटा काप आधी, मग वरून. नाहीतर साल खोडापर्यंत चिरत जाते. शेवटचा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याबाहेर घ्या, खोडाला अगदी घासून नको आणि लांब खुंटी ठेवूनही नको. त्या फुगवट्यातूनच जखम भरते. वर चेनसॉ चालवायची असेल तर चढणाऱ्याला दोन वेगळे आधार हवेत, म्हणजे एक चुकून कापला गेला तरी दुसरा धरतो. नवशिक्याने वर हातकरवतच वापरावी.

वरून-खालून काय हाका द्यायच्या?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण चेनसॉच्या आवाजात “ओढ”, “सोड” आणि “तोड” सारखेच ऐकू येतात. “तोड” ऐकू आलं म्हणून कापलं, आणि खालचा प्रत्यक्षात “थोडं सोड” म्हणत होता, असं होऊ शकतं. म्हणून आमच्याकडे ठरलेले शब्द “ताण”, “ढील” आणि “थांब” आहेत. पतंग उडवलेल्या माणसाला “ढील” वेगळी शिकवावी लागत नाही. वरच्याने कापण्याआधी “कापतोय” म्हणायचं, आणि खालच्याने “मोकळं” असं उत्तर दिल्याशिवाय करवत लावायची नाही. “थांब” मात्र कुणीही म्हणू शकतं, चहा घेऊन आलेला वॉचमनसुद्धा.

पहिलं झाड कोणतं निवडावं?

चिंच उत्तम, तिचं लाकूड चिवट. आंबा ठीक, पण जुन्या आंब्यात ढोल्या असतात. शेवगा, पांगारा आणि गुलमोहर यांवर शिकू नका, फांद्या न सांगता मोडतात. जांभळीच्या फांदीवर पाय ठेवू नये हे गावाकडच्या पोरांनाही ठाऊक असतं. नारळ हे वेगळंच प्रकरण आहे: फांदीच नाही, त्यामुळे आधाराला जागा नाही. वठलेल्या माडावर तर दोर घेऊनही चढू नये.

चढण्याआधी दुर्बिणीने किंवा मोबाईलच्या झूमने झाड पूर्ण बघा. आग्या मोहोळ असेल तर काम त्या दिवशी बंद. कोकणात हुंबिलांची (झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्यांची) पानं शिवलेली घरटी बघा. दोरावर दोन्ही हात गुंतलेले असताना हुंबील कॉलरमध्ये शिरली की भलीभली माणसं आधार सोडतात. पक्ष्यांची अंडी-पिल्लं असतील तर महिनाभर थांबा.

जवळून विजेची तार जाते. सांभाळून केलं तर?

नाही. आधी महावितरणकडून किंवा तुमच्या भागातल्या वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या, आणि तो बंद झाल्याचं त्यांच्याच माणसाने जागेवर येऊन सांगायला हवं. घरातले दिवे गेले म्हणजे तार मेली असं नसतं. ओला दोर आणि ओली फांदी दोन्ही वीज वाहून नेतात.

परवानगी लागते का? फक्त फांद्याच तर छाटायच्यात.

शहरात लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असलेल्या ठिकाणी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, मग झाड सोसायटीच्या आवारात असो की बंगल्याच्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. परवानगीचा कागद काम चालू असताना जागेवर ठेवा, शेजारी तक्रार करतातच.

वादळात अर्धवट पडलेलं, दुसऱ्या झाडावर टेकलेलं झाड आम्ही काढू शकतो का?

शिकत असाल तर नाही. त्यात कुठला भाग दाबला गेलाय आणि कुठला ताणलाय हे ओळखावं लागतं, आणि चुकीच्या बाजूने काप घेतला की खोड उसळतं. अग्निशमन दलाला बोलवा, माणसं लांब ठेवा.

दोर कधी बाद करायचा?

प्रत्येक कामाआधी सगळा दोर बोटांतून काढा, घाईत असलात तरी. चकचकीत, कडक झालेली जागा म्हणजे तिथे धागे वितळलेत. मध्येच बारीक किंवा फुगीर लागलं तर आतला गाभा गेलाय. कापलेला पीळ, पेट्रोल किंवा बॅटरीच्या पाण्याचा डाग, मोठ्या झटक्याचा इतिहास, यातलं काहीही असलं तर तो दोर बाद. मळका दोर साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायचा आणि चेनसॉच्या खोक्यात ठेवायचा नाही.

बाद केलेला दोर अखंड टाकू नका. दोन-दोन फुटांचे तुकडे करा, नाहीतर तो आठवड्यात कुणाच्या तरी टेम्पोवर किंवा गोठ्यात वजनाला लागलेला असतो.